एकदाच चुकणारं गाव

साळुंकीच्या खोक्यातून फक्कन उजेड पडला, तेव्हा वीबके टामेन एका पुष्पचक्रात लिली खोचत होती. तिने लिली टेबलावर टाकली आणि टाळी वाजवली. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं आणि ती मयताची बायको होती. टाळी चुकीच्या जागी पडली हे वीबकेच्याही लक्षात आलं.

"माफ करा हं," ती म्हणाली. "माझ्या बापाने लाल सिग्नल तोडला."

"हाबोने? फोटो निघाला का?" त्या बाईने डोळे पुसत विचारलं.

"निघाला. आत्ताच उजेड पडला."

"चला, एक तरी चांगली बातमी," बाई म्हणाली आणि रिबिनीचा रंग निवडायला लागली.

वेस्टरझीलच्या चौकात खांबावर करड्या रंगाचं खोकं बसवलं होतं. त्यात कॅमेरा होता, पण ते लांबून साळुंकीच्या घरट्यासारखं दिसायचं, म्हणून सगळे त्याला साळुंकीचं खोकं म्हणत. ते गाडीच्या नंबराबरोबर चालवणाऱ्याच्या तोंडाचाही फोटो काढायचं, कारण या देशात दोष गाडीचा नसतो आणि मालकाचाही नसतो, चाकामागे बसलेल्याचा असतो. मग उत्तरेला फ्लेन्सबर्गच्या सरकारी दप्तरात त्याच्या नावावर दंडाचे गुण जमा होतात. शाळेत गुण जास्त झाले की वर चढवतात, इथे आठ झाले की गाडीतून उतरवतात. वीबकेच्या सगळ्या आशा त्या आठावर होत्या.

हाबो त्र्याऐंशी वर्षांचा होता आणि सिग्नलचा रंग त्याला साधारण अंदाजाने कळायचा. त्याची स्वतःची पद्धत होती. "पुढची गाडी थांबली की मी थांबतो," तो सांगायचा. "पुढे गाडीच नसेल तर मी कुणाच्या मागे थांबू?" शिवाय तो म्हणायचा की मी या चौकातून जायला लागलो तेव्हा सिग्नल नव्हता, तो नंतर आला, त्याने मला सांभाळून घ्यावं.

खोकं बसायच्या आधी, इस्टरनंतर, बालवाडीची पोरं दोरी धरून तो चौक ओलांडत होती. या बालवाडीत पोरांना एका लांब दोरीला धरून ओळीने नेतात. पायी जाणाऱ्यांच्या सिग्नलवर हिरवा माणूस लागला, बाई पुढे निघाली आणि हाबोची निळी गाडी आली. बाईने दोरी एवढ्या जोरात ओढली की पोरं मण्यांसारखी तिच्या अंगावर गोळा झाली. गाडी गेली ती बरोबर दोरीच्या सैल पडलेल्या तुकड्यावरून. वीबकेने ते चौकातल्या आपल्या दुकानाच्या काचेतून पाहिलं. त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं. गावातली सगळी पुष्पचक्रं तिच्याकडूनच जायची, आणि छोट्या मापाची चक्रं तिने आजवर कधी केली नव्हती. तिला ती करायची नव्हती, एवढंच.

तिने करून पाहायचं ते सगळं करून पाहिलं होतं. किल्ली लपवली, तर बापाकडे दुसरी निघाली. बॅटरी काढून नेली, तर फोकोने नवी बसवून दिली. फोको हा बापाचा मित्र, जन्मभर गॅरेज चालवलेला, त्याला वाटलं कुणी चोरली. डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टरने हाबोला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. हाबोने ती पाठ म्हटली, कारण डॉक्टरच्या बापाच्या वेळेपासून तोच तक्ता होता. या देशात म्हाताऱ्याचं लायसन्स वयामुळे कुणी काढून घेत नाही. जुनी लायसन्सं तर जन्मभराची. राहता राहिला कॅमेरा.

फोटो आला तो कचेरीच्या कागदाबरोबर. गाडी तुमची आहे, चालवत कोण होतं ते कळवा, असं त्यावर होतं. फोटोत टोपी, पांढरी दाढी, चष्मा आणि थोडी खिडकी दिसत होती.

"लिही," वीबके म्हणाली. "स्वतःचं नाव लिही आणि सही कर."

"गुरुवारी बघू," हाबो म्हणाला.

"गुरुवारी काय बघायचंय? गाडीत तू होतास ना?"

"होतो की. मी कुठे नाही म्हणतोय?" तो शांतपणे म्हणाला. "पण हे एकट्याने ठरवायचं नसतं."

गुरुवारी दुपारी ओनोकडे पत्त्यांचा डाव असायचा. हाबो, फोको, ओनो आणि उब्बो. चौघंही कधी ना कधी बोटीवर होते, चौघांच्याही डोक्यावर तीच निळी टोपी, चौघांनाही तीच पांढरी दाढी. बापाला एकट्याला गाडी चालवू द्यायची नाही म्हणून वीबकेच त्याला घेऊन गेली. ओनोने सगळ्यांच्या कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला, साखर तडतडली, मग चमच्याने कडेकडेने साय सोडली. चहा कुणी ढवळला नाही. वेस्टरझीलमध्ये चहा ढवळणाऱ्याकडे सिग्नल तोडणाऱ्यापेक्षा वाईट नजरेने बघतात.

हाबोने फोटो टेबलावर ठेवला.

"हा मी आहे," ओनो लगेच म्हणाला.

"गप रे. तुझं नाक इतकं सरळ होतं कधी? हा मी," फोको म्हणाला.

"कुठल्या दिवसाचा आहे?"

"मागच्या गुरुवारचा."

"अरे, मग आपण सगळेच इथे होतो."

उब्बोने फोटो हातात घेतला. त्याला गेली काही वर्षं उजेड आणि अंधार एवढंच दिसायचं. त्याने फोटो मागच्या बाजूने नीट न्याहाळला. "छान आलाय," तो म्हणाला.

"बाबा, गाडीत तू होतास," वीबके म्हणाली.

"गाडीत मी होतो हे सगळ्यांना मान्य आहे, पोरी," हाबो म्हणाला. "आता फोटोत कोण आहे ते ठरवायचंय."

"हरेल तो फोटोत," फोकोने पत्ते पिसत समजावलं. "दंड हाबो भरणार, गुण हरलेला घेणार. जुनी रीत आहे. तुझ्या आईने नाही का घेतले?"

ही गोष्ट वीबकेला माहीत नव्हती. तिच्या आईने लग्नानंतर कधी गाडी चालवली नव्हती. म्हणजे बिचारी वर गेली ती गावातली सगळ्यात बेफाम ड्रायव्हर म्हणून.

"आणि तुम्ही असं करत राहिलात तर बाबाची गाडी कधी सुटणार?" तिने विचारलं. "त्या दिवशी पोरं वाचली. पुढच्या वेळी?"

चौघंही वाईट नव्हते. ओनोला तर सात नातवंडं होती.

"हाबोची गाडी गेली," ओनो हळूच म्हणाला, "तर गुरुवारी याला आणणार कोण? आणि उब्बोला कोण आणणार?"

"मी आणीन. आज आणलंच ना?"

"आज आणलंस," हाबो म्हणाला. "आज तुझ्या दुकानात मयत नव्हतं म्हणून."

डाव झाला. उब्बो हरला. पत्ते दिसत नसताना तो आजवर एवढा टिकत होता हेच नवल होतं. फोकोने कबुलीचं पत्र लिहिलं आणि उब्बोने समाधानाने सही केली, फक्त ती कागदावर न पडता थोडी टेबलक्लॉथवर पडली, म्हणून पुन्हा करावी लागली.

पुढच्या आठवड्यात वीबके जिल्हा कचेरीत गेली. सोबत तिने घरातला अल्बम नेला होता, बापाचे सगळ्या बाजूंनी फोटो असलेला. काउंटरमागे वेर्ट्स नावाचा सभ्य माणूस बसला होता.

"हा माझा बाप आहे," तिने अल्बम उघडून सांगितलं. "आणि तुमच्या कॅमेऱ्यातला माणूसही हाच आहे."

"तुम्ही मुलगी का त्यांची?" वेर्ट्सने खुर्ची सावरली. "मग मला सांगणं भाग आहे की बापाविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर नाही. कायदा तुम्हाला गप्प बसायचा हक्क देतो."

"मला तो नकोय. मला बोलायचंय."

"तो हक्क आहे, बाई. नको म्हणू नका. लोकांना मिळत नाही." त्याने कपाटातून कागद काढला. "आणि खरं म्हणजे गरजच नाही. कबुली आलीय. श्रीयुत उब्बो हारम्स. सुंदर पत्र लिहिलंय हो. इतका पश्चात्ताप मी या खात्यात पहिल्यांदा वाचला."

"ते आंधळे आहेत."

वेर्ट्सने पत्र खाली ठेवलं. तो खरोखर हादरला होता.

"आंधळे?"

"जवळजवळ."

"आणि गाडी चालवतात?"

"नाही चालवत! म्हणून तर सांगतेय!"

"देवाच्या कृपेने महिनाभर त्यांचं लायसन्स जमा होतंय," वेर्ट्स म्हणाला. "वेळेवर सापडले म्हणायचे."

"आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर परत मिळेल," वेर्ट्स दिलासा देत म्हणाला.

तिने अल्बम पुढे सरकवला. कान बघा म्हणाली, माणसाचे कान वेगळे असतात. वेर्ट्सने मान्य केलं, तज्ज्ञसुद्धा कानच बघतात म्हणाला. पण या फोटोत कान टोपीखाली होते. अल्बममध्येही ते टोपीखालीच होते, अगदी लग्नाच्या फोटोतसुद्धा. शिवाय एकाने गुन्हा कबूल केल्यावर दुसरा शोधायचा म्हणजे कबूल करणाऱ्याचा अपमान होतो, असं वेर्ट्सचं म्हणणं पडलं.

उब्बोने बंदी फार मनावर घेतली. गाडी चालवायला मनाई आहे म्हटल्यावर तो सगळ्यांना सांगत सुटला की आता मला कुठे जाता येत नाही. हे ऐकून हाबोला वाईट वाटलं. आपल्यामुळे मित्राची गाडी बंद झाली! मग तो उब्बोला रोज फिरवायला लागला. बेकरीत, बंदरावर, नुसतंच समुद्राच्या बांधापर्यंत. उब्बोचं लायसन्स कचेरीत जमा करायलाही हाबोच घेऊन गेला आणि जाताना चौकात पुन्हा उजेड पडला.

तो फोटो ओनोने घेतला. पुढचा फोकोने. मग हरायला माणसं कमी पडू लागली तेव्हा चर्चच्या गायकमंडळातले म्हातारे डावाला यायला लागले. त्यानंतर विधवांनी तक्रार केली की आमच्याकडेही लायसन्सं आहेत, न वापरता पडून आहेत, आम्हाला कुणी विचारत नाही. मग त्यांनाही घेतलं. दाढीचा प्रश्न होता, पण कॅमेऱ्याचा उजेड काचेवर पडल्यामुळे हनुवटी बहुतेक वेळा पांढरी ढगासारखीच यायची. एकट्या पाद्रीबुवांनी नकार दिला. त्यांचे स्वतःचेच गुण बाहेरगावी वेगासाठी बरेच झाले होते.

वेस्टरझीलमध्ये जबाबदारी घ्यायला असे लोक रांग लावून उभे होते. गाडी मात्र एकटा हाबो चालवत होता.

वीबके दुकानातून बघायची. प्रत्येक उजेडाला सुरुवातीला तिचं काळीज उडायचं, मग उडेनासं झालं. बालवाडीच्या बाईने आपल्या परीने दोरी आखूड केली, म्हणजे ओढायला सोपी पडेल.

"बाबा, निदान मला तरी खरं सांग," एकदा ती म्हणाली. "लाल दिसतो का तुला?"

"दिसतो."

"कधी?"

हाबोने विचार केला. "गेल्यावर," तो म्हणाला. "उजेड पडला की कळतं, लाल होता."

शरद ऋतूत नगरभवनात सभा झाली. जिल्ह्याच्या रस्ता-सुरक्षा अधिकारी डॉ. एंगेलके आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर आलेख लावला आणि त्याच्यावरून प्रेमाने हात फिरवला.

"मी पुष्कळ गावं पाहिली," त्या म्हणाल्या. "सगळीकडे तेच तेच लोक पुन्हा पुन्हा सिग्नल तोडतात. दंड करा, गुण द्या, सुधारत नाहीत. पण वेस्टरझील! इथे चुकलेला प्रत्येक माणूस आयुष्यात एकदाच चुकलाय. एकदा फोटो निघाला की पुन्हा म्हणून त्याचा फोटो नाही. एकाचाही नाही!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. हाबो तर उभा राहून वाजवत होता.

"याचा अर्थ इथले ड्रायव्हर स्वतःची जबाबदारी ओळखतात. अशा गावाला कॅमेऱ्याची गरज नाही. तो आम्ही काढून जिथे लोक खरोखर बेजबाबदार आहेत तिथे लावतोय."

वीबके उठली. सगळ्या टोप्या तिच्याकडे वळल्या.

"ते सगळे फोटो एकाच माणसाचे आहेत," ती म्हणाली. "माझ्या बापाचे. एकच माणूस, एकच गाडी. बाकीच्यांनी नावं दिलीत. कॅमेरा काढू नका. कुणीतरी मरेल हो."

फोको आपल्या बुटांकडे बघत होता. गायकमंडळातला कुणीतरी खोकला. ज्या बाईने एकदा दुकानात रिबीन निवडली होती, तिने पर्स उघडली आणि पुन्हा मिटली. तिच्याही नावावर दोन गुण होते.

डॉ. एंगेलके माणूस म्हणून चांगल्या होत्या. त्यांनी लगेच सोबतच्या मदतनिसाला यंत्रावर बघायला सांगितलं. "वडिलांचं नाव?"

"हाबो टामेन."

मदतनीस बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बाईंचा चेहरा उजळला.

"एकही गुण नाही," त्या म्हणाल्या. "साठ वर्षांत एकही नाही. आपल्यात आहेत का हे गृहस्थ?"

जन्मभर निष्कलंक गाडी चालवणाऱ्यांना त्यांचं मंडळ एक सोनेरी बिल्ला देई. तो त्यांच्या बॅगेत नेहमीच असायचा, पण द्यायला माणूस सापडत नसे. त्यांनी तो तिथल्या तिथे हाबोच्या कोटाला लावला. हाबोने लाजत टोपी काढली. त्याचे कान बाहेर आले, चांगले मोठे, पण आता त्यांचा कुणाला उपयोग नव्हता.

"मुलगी काळजी करते माझी," तो बाईंना म्हणाला. "आई गेल्यापासून जरा जास्तच."

"स्वाभाविक आहे," बाई म्हणाल्या आणि वीबकेच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी जाताना गाडी हाबोनेच चालवली. बिल्ला लावलेल्या माणसाला मुलीने घरी आणलं असतं तर बरं दिसलं नसतं. वीबके शेजारी बसली आणि रस्ताभर ज्या बाजूला ब्रेक नव्हता तिथे पाय दाबत राहिली. चौकात सिग्नल हिरवा होता. निव्वळ योगायोग. हाबो म्हणाला, "बघ."

दोन कामगार शिडी घेऊन आले आणि खोकं काढून घेऊन गेले. खांबावर चार भोकं राहिली.

त्या आठवड्यात वीबकेने शाळेत जाऊन नाव नोंदवलं. पोरांना रस्ता ओलांडायला मदत करणारे पालक सकाळी उभे राहतात, त्यांत. तिला मूलबाळ नव्हतं, पण माणसं कमीच होती, त्यांनी विचारलं नाही. चमकणारं पिवळं जाकीट मिळालं, हातात धरायला लाल गोल चकती मिळाली. सकाळी दुकान बंद ठेवून ती चौकात उभी राहू लागली, रस्त्यावर, बापाची गाडी येते त्या बाजूला. तिचं गणित सोपं होतं. दिवा दिसत नाही, ठीक आहे. पुढे गाडी असली की तो थांबतो. मग पुढे मी उभी राहीन. बाप आहे, मुलीसमोर थांबेल.

पहिल्या दिवशी धुकं होतं. बालवाडीची बाई आखूड दोरीला पोरं लावून फुटपाथवर थांबली होती. सिग्नल लाल झाला. निळी गाडी आली. वीबकेने चकती वर केली, दुसरा हात आडवा केला आणि काचेतून बापाच्या डोळ्यांत बघितलं. शेजारी उब्बो बसला होता, प्रसन्न चेहऱ्याने. गाडीचा वेग कमी झाला नाही. ती किंचित वळली, वीबकेच्या जाकिटाला आरसा घासून गेला, चकती हातातून उडाली आणि चौक पार करून गाडी बंदराच्या दिशेने गेली. दोरी सुटली नव्हती. बाई रडत होती, पोरं रडत नव्हती. एका पोराने चकती उचलून आणून दिली.

दुपारी ती बापाकडे गेली. हाबोने खडीसाखर टाकली, चहा ओतला, साय सोडली. चकती उडाल्यापासून तिचा उजवा हात दुखत होता म्हणून तिने कप डाव्या हाताने धरला.

"आज चौकात काहीतरी पिवळं ठेवलं होतं," तो म्हणाला. "रस्त्याचं काम निघालंय वाटतं. पिंप असावं. ऐन रस्त्यात! मी म्हणून उजवीकडून काढली. दुसरा कुणी असता तर उडवलंच असतं."

"बाबा, ती मी होते."

"कोण?"

"मी. रस्त्यात मी उभी होते. हात केला होता तुला."

हाबोने कप खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला, तिच्या चेहऱ्याच्या साधारण दिशेने. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला आणि क्षणभर वीबकेला वाटलं की झालं, आता किल्ली काढून टेबलावर ठेवेल.

"अगं, लागलं असतं ना तुला," तो म्हणाला. "असं न सांगता कुणी उभं राहतं का? आधी बोलायचं ना माझ्याशी."

"आता बोलतेय. गाडी सोड."

"रोज उभी राहणार आहेस?"

"तू गाडी सोडेपर्यंत."

तो विचारात पडला. खिडकीबाहेर निळी गाडी उभी होती, आरसा जरा वाकडा झालेला. हाबोने तिचा दुखरा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आई गेली त्या दिवशी घेतला होता, त्यानंतर आजच.

"कुठल्या बाजूला उभी असतेस ते सांगून ठेव," तो म्हणाला. "म्हणजे मी दुसऱ्या बाजूने काढत जाईन."

वीबकेने उरलेला चहा संपवला. मग तिने सांगितलं. डावीकडे, खांबाजवळ.

"डावीकडे," हाबोने पाठ केलं, डॉक्टरचा तक्ता पाठ केला होता तसंच. "आणि पोरं?"

"पोरं मधून जातात, बाबा."

"मधून," हाबो म्हणाला आणि मनापासून काळजीत पडला. "मग कठीण आहे."